रात्रीचं चिकन सकाळी खावं का?

रविवारी किंवा पाहुणे आले की लोणी काळभोरच्या आपल्या वस्त्यांत चिकनचा टोप चढतो. रात्री दहाला जेवणं उरकतात, उरलेला रस्सा झाकण घालून ओट्यावरच राहतो आणि सकाळी एक उकळी देऊन भाकरीबरोबर पोरांना वाढला जातो. थंडीत हे बऱ्याचदा निभावतं. पण जयंतीच्या सुमारास, पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत ते निभावेलच असं नाही.

शिजवल्यावर सगळे जंतू मरतात, असं आपण धरून चालतो. बहुतेक मरतातही. पण काही जंतूंची बीजं उकळत्या रश्श्यातही टिकतात आणि टोप कोमट झाला की पुन्हा वाढू लागतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान जंतूंना मानवतं. त्यात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. मोठा टोप तर मधोमध कितीतरी तास कोमट राहतो. शिवाय वाढताना हातातून, चमच्यातून दुसरे जंतू पडतात. त्यांतले काही रश्श्यात विष सोडतात, आणि ते विष उकळूनही जात नाही. म्हणून ‘सकाळी उकळलं की झालं’ हा भरवसा खोटा आहे.

चिकन शिजल्यापासून दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, कडक उन्हाळ्यात तासाभरात. टोप तसाच फ्रीजमध्ये कोंबू नका. रस्सा दोन-तीन पसरट डब्यांत काढा, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवा, वाफ गेली की आत टाका. कच्चं चिकन खालच्या कप्प्यात, शिजवलेलं वर. असं ठेवलेलं तीन दिवसांत संपवा. गरम करताना लागेल तेवढंच काढा आणि खदखदून उकळू द्या. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही, त्यांनी एका जेवणापुरतंच आणावं. अर्धा किलो पुरत असेल तर दीड किलो कशाला? जास्त झालंच तर त्याच रात्री शेजारी वाटी जाऊ द्या.

आपली आजी-पणजी मांस टिकवत नव्हती का, असं कुणी विचारेल. टिकवत होती. चान्या त्यासाठीच होत्या. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या खाण्याची नोंद आहे. पण चान्या म्हणजे कच्च्या मांसाच्या पातळ पट्ट्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या. पाणीच उरलं नाही तर जंतू वाढणार कसे? रश्श्यात तर पाणीच पाणी. तो हिशेब इथे लागू पडत नाही.

खराब झालेलं चिकन ओळखायचं तर आंबूस वास येतो, तुकडा बुळबुळीत लागतो, रश्श्यावर फेस किंवा बुडबुडे दिसतात. यातलं एक जरी दिसलं तरी टाकून द्या. चव घेऊन बघू नका. मात्र वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बरेचदा वेगळे असतात. वास आला नाही म्हणजे चांगलं, असं नाही. रात्रभर बाहेर राहिलेलं चिकन टाकावंच लागतं. पैसे गेल्याचं वाईट वाटतं, पण एका माणसाचा बुडालेला रोज आणि दवाखान्याचा खर्च त्याहून जास्त होतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसची साथ आली आणि अनेकांनी चिकनच सोडलं. दूषित पाण्यावर मुख्य संशय होता. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू कच्च्या कोंबडीतही असतो. पूर्ण शिजवल्यावर तो मरतो, म्हणून नीट शिजलेल्या चिकनला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते कच्चं चिकन कापलेल्या सुरीनेच कांदा चिरण्याला. सुरी, पाट आणि हात आधी साबणाने धुवा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजत राहा. ओआरएसचं पाकीट असेल तर उत्तम. शौचातून रक्त पडलं, ताप चढला, लघवी कमी झाली, बाळ सुस्तावलं किंवा गरोदर बाईला त्रास झाला, तर घरी थांबू नका; सरकारी दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ला फोन करा. जुलाब थांबल्यावर पुढच्या काही आठवड्यांत हातपाय मुंग्या येऊन लुळे वाटू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि आधी झालेल्या जुलाबांबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा.