काळं ऑइल, लोखंडाचे कण आणि लांबचा प्रवास

मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, हजार किलोमीटरमध्येच ऑइल काळं झालं, बदलून टाकू का?" तर सुरुवात तिथूनच करूया. ऑइल काळं होणं हा बदलण्याचा इशारा नाही. तेलात डिटर्जंट घातलेले असतात. काजळी आणि जळका चिकटा धातूवर बसू न देता तेलात तरंगत ठेवायचा, हेच त्यांचं काम. कपडे धुतल्यावर पाणी काळं झालं म्हणून आपण साबणाला नावं ठेवत नाही ना? ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र आत पाणी शिरलंय. तेवढ्या एका बाबतीत रंगाचं ऐकायचं.

मग तेल संपलं की नाही हे कळणार कसं? वापरलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून. ही कल्पना बाइकवाल्यांची नाही. १९४६ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड या रेल्वेनं डिझेल इंजिनांच्या तेलातले धातू वर्णपटमापकावर मोजायला सुरुवात केली. इंजिन न उघडता आत काय झिजतंय ते कळायला लागलं. पुढे अमेरिकी नौदलानं तेच विमानांसाठी उचललं. आज आपल्याकडेही ट्रक, जनरेटर, पवनचक्क्या यांची तेलं नेमानं तपासली जातात. मोटरसायकलवाले त्या रांगेत उशिरा येऊन उभे राहिलेत, इतकंच.

पण मोटरसायकलचं तेल ट्रकच्या तेलासारखं जगत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांत एकच तेल इंजिनाला, गिअरबॉक्सला आणि ओल्या क्लचला पुरवावं लागतं. म्हणून तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं. कारचं घसरट तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. आणि गिअरचे दात काय करतात? १०डब्ल्यू-४० सारख्या तेलात गरम झाल्यावरही दाटपणा टिकावा म्हणून पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या घातलेल्या असतात. दोन दातांमध्ये सापडून त्या तुटतात. उसाच्या चरकासारखं समजा. तेल पातळ होत जातं.

अहवालात मी सगळ्यात आधी बघतो ती ही व्हिस्कॉसिटी. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडचं तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात असायला हवं. नवं तेल १४ होतं आणि नमुना आला ११.८, तर तुम्ही ४०चं तेल भरलंत पण चालवताय ३०चं. दिसायला ते भले सोनेरी असो. आता ते पातळ का झालं? फ्लॅश पॉइंट बघा. तो जागेवर असेल तर गिअरनी साखळ्या तोडल्या. तोही घसरला असेल तर तेलात पेट्रोल उतरलंय. मग ऑइल बदलून भागणार नाही, पेट्रोल कुठून येतंय ते शोधावं लागेल. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांत इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स यांची तेलं वेगवेगळी असतात, त्यामुळे तिथलं इंजिन ऑइल दातांखाली येतच नाही. तेव्हा हार्लेवाल्या मित्रानं सांगितलेला किलोमीटरचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

आता धातू. लोखंड येतं सिलिंडर, कॅमशाफ्ट आणि गिअरमधून, ॲल्युमिनियम मुख्यतः पिस्टनमधून, तांबं बुश, बेअरिंग किंवा क्लचप्लेटमधून. हे पीपीएममध्ये मोजतात, आणि इथेच लोक घाबरतात. समजा पहिल्या अहवालात ५,००० किलोमीटरला लोखंड २५ आलं. दुसऱ्यात ८,००० ला ४०. वाढलं? नाही वाढलं. दोन्ही वेळा हजारामागे ५ च आहे. तिसऱ्यांदा ४,००० ला ४० आलं, तर मात्र आकडा तोच दिसत असला तरी झीज दुप्पट झाली. तीन अहवाल जवळ असले तरच हे दिसतं. माझ्याकडे ४११ची हिमालयन आहे. तिच्या पहिल्या अहवालावरून मला काही म्हणजे काही कळलं नाही. बोलायला लागला तो तिसरा.

आणखी एक, टॉप-अप लिहून ठेवा. मधे अर्धा लिटर नवं तेल घातलंत की सगळे आकडे पातळ होतात आणि गाडी आहे त्यापेक्षा गुणी दिसते. (हशा)

सिलिकॉनची गंमत मला विशेष आवडते. अहवालात सिलिकॉन जास्त आलं की मेकॅनिक म्हणतो धूळ गेली, एअर फिल्टर बदला. पण कव्हर जोडताना लावतात त्या सीलंटमध्येही सिलिकॉन असतं. नव्या किंवा नुकत्याच उघडलेल्या इंजिनात ते जास्त येतं, आणि दर बदलीला कमी होत जातं. धूळ असेल तर ती एकटी येत नाही. ती घासते. सिलिकॉनबरोबर लोखंड आणि ॲल्युमिनियमही चढलं तर फिल्टर काढून त्याची बैठक तपासा, कडेनं हवा चोरून आत येत असते. मनाली-लेह रस्त्यावर ट्रकच्या मागे दिवसभर धूळ खाऊन आलेल्या गाड्यांत हे बघायलाच हवं. तिकडच्या नाल्यांमधून गाडी घातली असेल तर पाणीही तपासून घ्या. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर विरळ हवेत ती पेट्रोल जास्त पिते, त्यातलं थोडं तेलात उतरतं. इंजेक्शनवाल्यांना ही काळजी कमी.

आता या चाचणीला काय दिसत नाही ते. वर्णपटमापकाला साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट दिसतात. गिअरच्या दाताचा टवका उडाला तर तो अहवालात येणारच नाही! अहवाल स्वच्छ, गाडी मात्र घाटात उभी. म्हणून ड्रेन नटच्या चुंबकावरचा गाळ बोटांत घेऊन बघा. करड्या पिठासारखा असेल तर ठीक, टोचला तर नाही. जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा. हे काम फुकट आहे, आणि माझ्या मते लडाखला निघण्याआधी अहवालापेक्षाही जास्त मोलाचं आहे.

नमुना घेताना इंजिन गरम हवं. पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेतून कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्या. पाण्याची बाटली धुऊन वापरू नका, थेंबभर पाणीही अहवालात उतरतं. बाटलीवर तेलाचे किलोमीटर, गाडीचे किलोमीटर, तेलाचं नाव आणि टॉप-अप लिहा. त्याच तेलाचा कोरा नमुनाही एकदा पाठवा, म्हणजे नवं होतं तेव्हा किती दाट होतं ते आपल्याला कळेल.

(श्रोत्यांतून प्रश्न: सेकंडहँड टूरर घेताना हे करता येईल का?)

येईल, पण विकणाऱ्यानं बहुतेक वेळा आदल्या दिवशीच ऑइल बदललेलं असतं. ताज्या तेलात झीज दिसणार कशी? फार तर बदललेला जुना फिल्टर मागा, तो असला तर असला. नाहीतर आधी दोनेक हजार किलोमीटर चालवा आणि मग नमुना घ्या. तो तुमचा पहिला अहवाल. पहिल्यावरून काय कळतं, ते मघाशी सांगितलंच.