प्रश्न तोच, भाषा निराळी

नवी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. लातूरचा शेतकरी आणि रत्नागिरीचा कारकून तेथे एका पंगतीस बसले, तर एकमेकांचे बोलणे त्यांना सहज उमगेल. परंतु मनावरील आघात सांगण्याची दोघांची रीत एकच असेल असे नाही. ती रीत वैद्यास ठाऊक नसेल तर काय होईल?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून किल्लारी व आसपासच्या गावांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. जे वाचले, त्यांच्या मनःस्थितीचा अभ्यास पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला.

अशा प्रसंगानंतर काहींना जो विकार जडतो, त्यास आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत सूचीत या नावाचा समावेश झाला. रक्त तपासून वा क्ष-किरणांनी त्याचे निदान होत नाही. रोग्यास विचारावेच लागते. त्यासाठी अमेरिकेत ‘कॅप्स’ नावाची मुलाखत तयार झाली. ‘कॅप्स-५’ या तिच्या रूपात वीस लक्षणांविषयी प्रश्न असून प्रत्येक लक्षणाची तीव्रता शून्य ते चार अशा अंकांनी नोंदवतात.

ही मुलाखत दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे केवळ शब्द बदलणे नव्हे. समजा, ‘तुम्हांला इतरांपासून तुटल्यासारखे वाटते काय?’ या अर्थी कोणी ‘अलिप्त’ हा शब्द योजला. संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी माणसास अलिप्तता हा गुण वाटतो. तो समाधानाने ‘होय’ म्हणेल आणि लक्षण नसता अंक पडेल. साधारणतः अनुवाद झाल्यावर, मूळ न पाहिलेल्या जाणकाराकडून तो उलट मूळ भाषेत करवून घेतात व दोन्ही पाठ ताडून पाहतात. पण हा दोष तेथे सापडणार नाही, कारण ‘अलिप्त’चा उलट अनुवाद अचूकच येईल. म्हणून साध्या माणसांस प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुम्हांला काय समजले?’ असे विचारावे लागते. शेवटी एकाच मुलाखतीस दोन परीक्षक स्वतंत्रपणे अंक देतात. ते जुळले तरच साधन विश्वासार्ह ठरते.

‘कॅप्स-५’चे कोरियन रूप सिद्ध झाले आहे. त्या भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूपही बदलते. शिवाय दाबून ठेवलेल्या संतापातून उद्भवणाऱ्या व्यथेस तेथे ‘ह्वाब्योंग’ असे स्वतंत्र नाव आहे. छातीत जळजळते, असे सांगणाऱ्या कोरियन वृद्धेची तक्रार केवळ शरीराची मानून परीक्षकास चालत नाही.

शब्द बरोबर असूनही प्रसंग ओळखावा लागतो. भूकंपानंतर लहान धक्के चालू असता घराबाहेर निजणे हे शहाणपण होय. धक्के थांबून वर्षे लोटल्यावरही छताखाली डोळा लागत नसेल, तर ती विकाराची खूण असू शकते. प्रश्न चुकला तर निरोगी माणूस रोगी ठरतो, आणि खरा पीडित उपचारांवाचून राहतो. या चुकीची किंमत प्रश्न रचणाऱ्यास नव्हे, उत्तर देणाऱ्यास मोजावी लागते.