फोनवरची तपासणी, घरातले हात

रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्या ज्येष्ठांना प्रत्येक खेपेस जिने उतरून दवाखाना गाठण्याची आवश्यकता आता उरलेली नाही. फोनवरून वा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये जाहीर केले. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांशी विनामूल्य बोलता येते. चालू औषधे पुढे सुरू ठेवण्यासाठी ही सोय उत्तम आहे.

मात्र दवाखान्यात मी नाडी पाहतो, पायाची सूज दाबून पाहतो, छातीला स्टेथोस्कोप लावतो. फोनवर यांतील काहीच शक्य नसते. त्यातले जमेल तेवढे काम आपल्या हातांवर येते. रक्तदाब मोजण्यापूर्वी ज्येष्ठांना पाठ टेकून, पावले जमिनीला लावून पाच मिनिटे शांत बसू द्यावे. त्याआधी अर्धा तास चहा नको. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. ‘जास्त आला म्हणून लिहिला नाही’ असे पुष्कळजण सांगतात. मला नेमका तोच आकडा हवा असतो! नडगीवर अंगठा काही सेकंद दाबावा आणि खळगा राहिल्यास सांगावे. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नसावे, नखाला रंग नसावा.

औषधांची सारी पाकिटे कॅमेऱ्यासमोर धरावीत. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही त्यात हव्यात. त्यांतील अनेक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात.

बोलणे मात्र शक्यतो ज्येष्ठांनीच करावे. दुसऱ्या शहरातून मुलगा जोडला जातो आणि सगळे तोच सांगतो. न्हाणीघरात आलेली भोवळ आईने त्याला सांगितलेलीच नसते. शिवाय बोलताना लागणारी धाप मला तिच्याच आवाजातून कळते.

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या मला या नियमांनुसार फोनवर लिहून देता येत नाहीत. त्याबद्दल कृपया आग्रह धरू नये.

छातीत दडपण, अचानक धाप, तोंड वाकडे होणे किंवा एका हातातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाल्यास व्हिडिओच्या रांगेत थांबू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघाताची शंका असल्यास लक्षणे सुरू झाल्याची वेळ कागदावर टिपून सोबत न्यावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.