एका दिवसाच्या फुलांचं शेत

माझी धाकटी बहीण बोस्टनजवळ राहते. तीन वर्षांपूर्वी तिनं एका दुकानातून डेलिलीची दोन रोपं आणली. कुंडीवरच्या चित्रात जांभळी, झालरीच्या कडांची फुलं होती. पहिल्या उन्हाळ्यात ती अगदी चित्रासारखीच फुलली आणि पुढच्या हिवाळ्यात रोपं कुजून गेली. उबदार मुलखासाठी तयार केलेली ती सदाहरित जात होती, तिला बर्फाची सवय नव्हती. विकताना हे कुणी सांगितलं नाही. म्हणून या जुलैत आम्ही दोघी गाडी काढून व्हरमाँटमधल्या साउथ न्यूफेन गावी गेलो. तिथे ‘ओलाली डेलिली गार्डन्स’ हे डारो कुटुंबाचं शेत आहे. आज तिसरी पिढी ते सांभाळते.

ओलाली म्हणजे बेरी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर मूळ रहिवासी आणि व्यापारी जी मिश्र बोली बोलत, त्या चिनूक बोलीतला हा शब्द. फुलांच्या शेताला फळाचं नाव, कारण आजोबा जॉर्ज डारो हे बेरीवर्गीय फळांचे शास्त्रज्ञ होते. अमेरिकी कृषी खात्यात चार दशकांहून अधिक काळ त्यांनी स्ट्रॉबेरीच्या जाती घडवल्या. 1966 साली आलेला त्यांचा स्ट्रॉबेरीवरचा ग्रंथ या विषयातला आधारभूत ग्रंथ मानला जातो. बॉयझनबेरी वाचली त्यातही त्यांचा हात आहे. रुडॉल्फ बॉयझन नावाच्या माणसानं कॅलिफोर्नियात लावून सोडून दिलेल्या वेली शोधायला ते वॉल्टर नॉट या शेतकऱ्याला घेऊन गेले. रानगवतात मरायला टेकलेल्या काही वेली सापडल्या. नॉटनं त्या आपल्या मळ्यात नेऊन जगवल्या आणि पुढे त्या फळाचं नाव सर्वत्र झालं.

निवृत्त झाल्यावर हा माणूस मेरीलँडमधल्या आपल्या शेतावर डेलिलीकडे वळला. मला यात नवल वाटत नाही. संकराची चिकाटी ज्याच्या अंगात मुरली आहे, त्याला डेलिलीसारखं दुसरं झाड मिळणं कठीण. एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावले, बी धरलं, पेरलं, तरी पहिलं फूल दिसायला दोन-तीन वर्षं जातात. त्यातली बहुतेक रोपं टाकून द्यायची असतात. एखादं मनात भरलं तर ते बियांतून वाढवता येत नाही. बी आईसारखं निघत नाही, म्हणून गड्डा फोडूनच रोपं करायची. एकाची दोन, दोनाची चार असं करत विकण्याइतकी संख्या जमेपर्यंत आणखी काही वर्षं सरतात. आजोबांनी लावलेलं नातवानं विकावं, हा या धंद्याचा स्वाभाविक वेग आहे.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर सकाळी उमलून रात्री मिटणाऱ्या फुलासाठी. तिचं शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस; ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दिवसभराचं सौंदर्य. पण एका दांड्यावर वीसेक कळ्या असतात आणि एका गड्ड्यातून अनेक दांडे निघतात, त्यामुळे फूल एक दिवसाचं असलं तरी बहर आठवडे टिकतो.

बागेत आपल्याला ठाऊक असलेला भगवा रंग शोधावा लागतो. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये ए. बी. स्टाउट यांनी 1911पासून या झाडावर काम केलं नसतं, तर डेलिली पिवळ्या-भगव्यातच अडकून राहिली असती. त्यांची ‘थेरॉन’ ही गडद लाल जात 1934ची. पुढे कोल्चिसीन हे रसायन वापरून 22 गुणसूत्रांची 44 केली गेली, तशा पाकळ्या जाड झाल्या, कडांना झालर आली. हे कोल्चिसीन आपल्या कळलावीतही असतं. आज नोंदलेल्या जाती एक लाखाच्या वर आहेत. झालरींचा सोस मला थोडा अतीच वाटतो.

डारोंचा कल वेगळा होता. चीनमधून आलेली ‘अल्टिसिमा’ ही पुरुषभर उंच, पिवळी, उशिरा फुलणारी रानजात त्यांनी संकरात वापरली. पुढे व्हरमाँटला आलेली तिच्या वंशातली रोपं इथे माझ्या डोक्याशी आली होती. सडसडीत दांडे, कळ्या अजून हिरव्या. बहीण तिथेच थांबली. इतरांचा बहर सरल्यावर ही फुलणार होती.

निवड केली की दातेरी फावड्यानं गड्डा उचलतात, माती झटकतात, पानं वीतभर ठेवून छाटतात. मुळं पाहून मला शतावरी आठवली, तशीच बोटांसारखी फुगीर. याला कांदा नसतो आणि नावात लिली असूनही ही खरी लिली नव्हे. पंख्यासारख्या पसरलेल्या पानांच्या एका जुडीला ‘फॅन’ म्हणतात, विक्री त्या हिशेबानं चालते. घरी नेऊन मुळाचा माथा मातीखाली जेमतेम इंचभर ठेवायचा. खोल गेला तर झाड फुलायला कुरकुर करतं. घरात मांजर असेल तर जपा, डेलिली खाल्ली तर मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

आम्ही तीन जाती घेतल्या: एक जूनमधली, एक जुलैतली, एक त्या उंच पिवळ्यांपैकी. रंग बहिणीनं सर्वात शेवटी पाहिला.

अमेरिकेत थंड प्रदेशात राहणाऱ्या आणि डेलिली लावू पाहणाऱ्या मराठी घरांना माझं एवढंच सांगणं आहे: जुलैच्या मध्यावर, सकाळी, आपल्याच हवामानातल्या शेतावर जा. फुलापेक्षा दांडा बघा, त्यावर किती कळ्या बाकी आहेत ते मोजा आणि हिवाळ्यात याची पानं वाळतात की हिरवी राहतात, हे पैसे देण्याआधी विचारा.