विमानाचे नवे वस्त्र

१९३२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १५ तारखेस कराचीहून निघालेले एक लहानसे विमान अहमदाबादेस थांबून दुपारी मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. वैमानिक होते जे. आर. डी. टाटा आणि विमानात होत्या टपालाच्या थैल्या. भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासातील हा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत वाचला असेल. पण त्या ‘पस मॉथ’ विमानाचे पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेले होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. शेकडो मैलांचा तो प्रवास टपालाने कापडाच्या आधाराने केला होता!

आज आपण ज्या विमानातून प्रवास करतो, ती धातूची किंवा त्याहूनही नव्या संमिश्र पदार्थांची असतात. तेव्हा कापडी विमान आता संग्रहालयात गेले असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. स्वतःच्या हातांनी विमान बांधून ते उडविणारे हौशी लोक जगात ठिकठिकाणी आहेत. अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली अशा हौशी बांधकाऱ्यांची संस्था स्थापन केली आणि विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी भरणारा तिचा वार्षिक मेळावा जगप्रसिद्ध झाला. घरी बांधलेल्या या विमानांपैकी सर्वांत हलकी ती ‘अल्ट्रालाइट’. अमेरिकेच्या १९८२ च्या नियमांप्रमाणे इंजिन असलेल्या अल्ट्रालाइट विमानात एकच माणूस बसू शकतो आणि सुरक्षिततेची काही साधने वगळता त्याचे रिकामे वजन ११५ किलोग्रॅमच्या आत असावे लागते. इतक्या हलक्या विमानाला कापडासारखे सोयीचे आवरण दुसरे नाही.

आपल्या देशालाही ही विद्या अपरिचित नाही. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली बंगलोर येथे जो विमान-कारखाना काढला, त्याच कारखान्यातून १९५८ साली ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान प्रथम आकाशात गेले. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड, अशी त्याची घडण होती. देशातील विमान-क्लबांतून कितीतरी तरुणांनी उड्डाणाचे पहिले धडे या पुष्पकवरच गिरविले.

अशा विमानाचे कापड कायमचे टिकत नाही. काही वर्षांनी ते काढून नवे चढवावे लागते व रंगवावे लागते. हे काम कसे चालते आणि त्यात कशाची जोखीम असते, ते आज आपण पाहू.

कापड हाच पंख

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खुर्चीवर अभ्रा घालावा तसे विमानाचे कापड केवळ शोभेसाठी घातलेले नसते. अभ्रा फाटला तरी खुर्चीवर बसता येते. विमानाचे कापड सुटले तर पंख पंख राहत नाही.

समजा, वैमानिकासह २४० किलो वजनाचे एक विमान आहे आणि त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आहे. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरला सरळ उड्डाणातही वीस किलोंचा भार पेलावयाचा असतो. तीव्र वळण घेताना किंवा वादळी हवेत हा भार दुपटीतिपटीने वाढतो. शिवाय हा भार केवळ खालून वर रेटणारा नसतो. पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी झाल्यामुळे तेथील कापड वर ओढले जाते, जणू कोणी ते सांगाड्यापासून उपटून काढू पाहत आहे. पंखातील फासळ्यांना कापड घट्ट धरून ठेवणारे टाके आणि डिंक यांचे महत्त्व यावरून कळून येईल.

राइट बंधूंनी १९०३ साली आपल्या विमानासाठी बाजारात मिळणारे साधे मस्लिन वापरले होते. पुढे लिनन आले, त्यानंतर विशेष प्रतीचे सुती कापड आले. सुती कापडाच्या एक इंच रुंद पट्टीने नवी असताना ८० पौंडांचा ताण सोसावा आणि जुनी झाल्यावर तिची शक्ती ५६ पौंडांच्या खाली गेल्यास कापड बदलावे, असा दंडक असे. आज बहुधा पॉलिएस्टर वापरतात. अल्ट्रालाइटसाठी मिळणारे हलके कापड चौरस मीटरला सुमारे ५८ ग्रॅम भरते. काही अल्ट्रालाइटांवर शिडासारखे तयार शिवलेले आवरण ओढून बसवितात आणि त्याला रंगही देत नाहीत. तो प्रकार येथे विचारात घेतलेला नाही.

जुने वस्त्र उतरविताना

जुने कापड टराटरा फाडून फेकून देणे चुकीचे होय. शिंपी जसा जुना सदरा उसवून त्यावरून नवा बेततो, तसे हे कापड जपून कापून काढावयाचे असते. टाके कोठे होते, तपासणीची झाकणे कोठे होती, पाणी निथळण्याची भोके कोठे होती, या सर्वांचा नकाशा त्या जुन्या कापडावरच असतो. प्रत्येक पायरीला छायाचित्रे घेऊन ठेवावीत हे उत्तम.

कापड निघाले की वर्षानुवर्षे झाकलेला सांगाडा उघडा पडतो. ही संधी पुन्हा पुष्कळ वर्षे येत नाही. नळ्यांच्या खालच्या टोकांशी पाणी साचून गंज चढला आहे काय? जोडकामाला तडा गेला आहे काय? लाकूड असल्यास डिंकाचे सांधे सुटले आहेत काय, कोठे ओल धरून लाकूड मऊ झाले आहे काय? उंदरांनी किंवा गांधीलमाश्यांनी आत घर केलेले आढळणे हीही नवलाची गोष्ट नाही. हे सर्व दुरुस्त करून सांगाड्याला असा लेप द्यावा लागतो, की जो पुढे वापरावयाच्या तीव्र द्रावकांनी विरघळणार नाही. साधे वॉर्निश येथे उपयोगी पडत नाही.

डिंक, इस्त्री आणि टाके

नवे कापड सांगाड्याच्या कडांना विशिष्ट डिंकाने चिकटवितात. दोन पाट जेथे एकत्र येतात, तेथे ते एकमेकांवर पुरेसे चढलेले असले पाहिजेत. पॉलिएस्टर कापडाच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत आणि प्रत्येकीचा डिंक, लेप व रंग निराळे असतात. एक पद्धत निवडली की अखेरपर्यंत तिच्याच पुस्तिकेप्रमाणे चालावे, एकीचा डिंक व दुसरीचा लेप अशी सरमिसळ करू नये, हा या कामातील पहिला नियम.

हा नियम किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी एक घटना सांगणे अगत्याचे आहे. स्टीव्ह विटमन हे अमेरिकेतील नामांकित विमान-रचनाकार व शर्यतीचे वैमानिक होते. लहान विमानांच्या चाकांसाठी त्यांनी योजिलेला लवचिक पोलादी पाय सेस्ना कंपनीने स्वीकारला. ऑशकॉशच्या विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. १९९५ च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या ९१ व्या वर्षी, स्वतः रचलेल्या व बांधलेल्या विमानातून पत्नी पॉला यांच्यासह ते फ्लोरिडाहून ऑशकॉशला निघाले. वाटेत अलाबामा राज्यावर असताना विमान हवेतच मोडले आणि दोघेही मृत्युमुखी पडले. चौकशीत असे निष्पन्न झाले, की पंखावरील कापड योग्य रीतीने चिकटविलेले नव्हते. त्याचा एक भाग मागील कडेशी सुटला, त्यामुळे एलेरॉन व पंख यांना विनाशक थरथर सुटली आणि पंख टिकला नाही. ज्यांच्या अनुभवाची बरोबरी करणारे जगात थोडेच होते, त्यांच्या हातूनही असे घडले! कामात मुरलेल्या माणसालाही पुस्तिका उघडून ठेवावी लागते, ती यासाठीच.

कापड चिकटले की इस्त्रीची पाळी येते. आपल्या घरातील विजेची इस्त्री आणि विमान यांचा संबंध काय, असे वाचकांस वाटेल. पॉलिएस्टर उष्णतेने आकसते, या गुणाचा येथे उपयोग करून घेतात. प्रथम सुमारे १२० अंश सेल्सिअसची इस्त्री हलकेच फिरविली की सुरकुत्या जातात. मग टप्प्याटप्प्याने सुमारे १७५ अंशांपर्यंत गेले की कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते. त्यापलीकडे मात्र तेच कापड ढिले पडू लागते. इस्त्रीवरच्या खुणांवर विश्वास न ठेवता तापमापकाने तिची परीक्षा करावी लागते. अल्ट्रालाइटचा सांगाडा नाजूक असल्याने अतिताणाने फासळ्या वाकण्याचेही भय असते. म्हणून रचनाकाराने सांगितले असेल तर कमी उष्णतेवरच थांबावे.

नंतर पहिला लेप कुंचल्याने देतात. तो विणीतून आरपार उतरून प्रत्येक धाग्याला वेढतो. मग फासळ्यांवर मजबुतीच्या पट्ट्या ठेवून, लांब सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने पंखाच्या वरून खाली व खालून वर टाके घालतात. प्रत्येक टाक्याला गाठ असते, म्हणून एक तुटला तरी शेजारचा उसवत नाही. पंख्याचा झोत जेथे लागतो, तेथे टाके अधिक जवळ घ्यावे लागतात. दोघे जण पंखाच्या दोन बाजूंना बसून सुई एकमेकांकडे ढकलीत असताना पाहिले, तर गोधडी शिवणाऱ्या आजीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. टाक्यांवर दातेरी कडांच्या पट्ट्या चिकटविल्या की शिवणकाम दृष्टिआड होते.

रुपेरी थर

आता रंग? अजून नाही. कापडाचा खरा शत्रू वारा नसून ऊन आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पॉलिएस्टरचे धागे हळूहळू कुजवितात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळलेल्या लेपाचे रुपेरी थर फवारतात. थर पुरेसे झाले की नाही, हे पाहण्याची युक्ती मोठी सोपी आहे. अंधार करून पंखाच्या आत दिवा धरावा. प्रकाश बाहेर झिरपताना दिसला, तर ऊनही तितक्याच सहजतेने आत जाईल, हे ओळखावे. नीट झाकलेले आणि छपराखाली ठेवलेले पॉलिएस्टर दोन दशके आणि त्याहूनही अधिक काळ टिकते.

या लेपांच्या मागे एक दुःखद इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये विमानाच्या कापडाला लावावयाच्या ‘डोप’ नावाच्या लेपात टेट्राक्लोरोइथेन हे द्रावक असे. त्याच्या वाफांनी कारखान्यातील स्त्रीपुरुष कामगारांना काविळीने ग्रासले आणि काहींचे प्राण गेले. ते द्रावक पुढे बंद झाले, परंतु आजचे लेपही निरुपद्रवी नाहीत. काही टिकाऊ रंगांतील आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच लागतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. द्रावकांच्या वाफा क्षणात पेट घेतात. कोरडे कापड घासल्याने उत्पन्न होणारी विजेची ठिणगीही त्यास पुरते. म्हणून सांगाडा तारेने जमिनीस जोडून ठेवतात. हे काम घराच्या ओसरीवर, मुलाबाळांच्या वावरात करण्याचे नव्हे.

रंगाचे वजन

शेवटी रंग. येथे सौंदर्यदृष्टी आणि शहाणपण यांचा झगडा सुरू होतो. मोटारीसारखी आरशागत चकाकी आणावी, असा मोह प्रत्येकाला होतो. पण हिशेब करून पाहा. विमानाच्या सर्व अंगांचे मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर धरले आणि रंगाचा एक जादा थर वाळल्यावर चौरस मीटरला ५० ग्रॅम भरला, तर दोन किलो वजन वाढले. म्हणजे सुमारे पावणेतीन लिटर पेट्रोलइतके ओझे प्रत्येक उड्डाणात विनाकारण वाहावयाचे!

वजन कोठे पडते, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्या २४० किलोंच्या विमानात गुरुत्वमध्यापासून साडेतीन मीटर मागे शेपटीवर एक किलो रंग अधिक बसला, तर गुरुत्वमध्य सुमारे दीड सेंटीमीटर मागे सरकतो. सुकाणू व एलेरॉन यांचा तोल वजने लावून साधलेला असेल, तर रंगाने तो बिघडतो आणि वर सांगितलेली घातक थरथर उद्भवू शकते. म्हणून रंग वाळल्यावर या भागांचा तोल पुन्हा पाहावा, सबंध विमान वजनकाट्यावर चढवावे आणि जाणकार तपासनिसाची संमती मिळाल्यावाचून जमीन सोडू नये.

हवामानाचेही भान ठेवावे लागते. दमट दिवशी द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. किनारपट्टीवरील वाचकांना पावसाळ्यात हे काम हाती घेऊ नये, हे वेगळे सांगावयास नकोच. गडद रंग उन्हात फार तापतात, म्हणून फिकट रंग बरे.

रंग लागला, की मैदानावर येणारा प्रत्येक जण त्याचीच स्तुती करतो. टाके, डिंक, रुपेरी थर यांतील काहीच त्याला दिसत नाही. म्हणून या कामात प्रत्येक थर पुढच्या थराखाली जाण्यापूर्वी दुसऱ्या जाणत्या डोळ्यांनी तपासून घेण्याची पद्धत आहे. कोणते कापड, कोणता डिंक, किती थर, कोणत्या तारखेस, हे सारे विमानाच्या नोंदवहीत लिहून ठेवतात. वीसपंचवीस वर्षांनी कोणीतरी हेच कापड पुन्हा जपून उतरवील, तेव्हा आतले काम त्याच्या दृष्टीस पडेल. त्या अनोळखी माणसासमोर मान खाली घालावी लागू नये, इतक्या काळजीने जो टाके घालतो, त्याच्या विमानात बसावयास हरकत नाही.