हेल्मेटात गाणी, बाहेर उणे वीस

स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावरून पळणाऱ्या गाडीवर, गाणी ऐकायची म्हटलं की सगळे आधी इंजिनाला नावं ठेवतात. खरा दांडगट आहे वारा! वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरवर गेला की हेल्मेटच्या कडेला घासून आणि हनुवटीखालून आत घुसणारी हवा कानापाशी प्रचंड गोंगाट करते. मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटात माइक बसवून हा आवाज मोजला गेला आहे. ताशी शंभरच्या वेगाला तो नव्वद डेसिबलच्या सहज पुढे जातो. बर्फावरचा वारा काही वेगळा नसतो, फक्त बोचरा असतो.

आता गाणं ऐकू यायचं तर ते या गोंगाटाच्या वर चढवायला हवं, आणि इथेच सगळी गोम आहे. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब सोपा आहे: 85 डेसिबलचा आवाज दिवसात फार तर आठ तास, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 94 ला एक तास. 100 ला फक्त पंधरा मिनिटं. एखाद्या आवडत्या अल्बमची पहिली तीन-चार गाणी झाली, की दिवसभराचा कोटा संपला.

आधी कान झाका, मग गाणं लावा

मुरलेले स्वार एक गोष्ट करतात, जी ऐकताना उलटी वाटते. ते आधी कानात फोमचे इअरप्लग घालतात आणि त्यावरून हेल्मेटातल्या स्पीकरवर गाणी ऐकतात. प्लगमुळे वारा आणि गाणं दोन्ही दबतात, पण कानावर एकूण मारा कमी झाल्यामुळे जे उरतं ते स्वच्छ ऐकू येतं. नाहीतर भडिमारात कान स्वतःच आवाजाची खिचडी करतो. माझं स्पष्ट मत, महागडे स्पीकर घेण्याआधी चार पैशांचे प्लग घ्यावेत.

स्पीकर मात्र नीट बसवावेत. हेल्मेटातले बहुतेक स्पीकर चाळीस मिलिमीटरच्या आसपास असतात आणि अस्तरात कानांसाठी ठेवलेल्या खळग्यात चिकटवले जातात. एवढ्याशा पडद्याला जाड, खालचे सूर कानापर्यंत पोचवायला जवळीक लागते. सेंटिमीटरभर इकडे-तिकडे झालं की तबल्याचा डग्गा गायब आणि झांजा तेवढ्या शिल्लक. म्हणून हेल्मेट डोक्यावर घालून, गाणं चालू ठेवून, जागा बोटाने सरकवत शोधायची. आरशात बघून ती सापडत नाही.

पंख्यावर चालणारी घसरगाडी

आता या गाडीच्या जन्माची गोष्ट. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावात 1922 च्या अखेरीस जोसेफ-आर्मां बोंबार्डिये या पंधरा वर्षांच्या पोराने फोर्डचं जुनं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा उघडा लाकडी पंखा लावला आणि भावाला घेऊन गावातून चक्कर मारली. वडिलांनी तो गरगरता पंखा बघून गाडी मोडायला लावली. पोरगा थांबला नाही. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाखाली गेलेले, दवाखाना गाठता आला नाही आणि मूल गेलं. त्यानंतर बर्फावरून माणसं नेणाऱ्या गाड्यांवरचं त्याचं काम थांबलंच नाही. एक-दोन माणसांसाठीची हलकी ‘स्की-डू’ 1959 मध्ये बाजारात आली. आज मौजेखातर जी गाडी आपण पळवतो, तिच्या मुळाशी ही हकिगत आहे, आणि ती माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

साठच्या दशकातल्या गाड्या कानठळ्या बसवणाऱ्या होत्या. पूर्ण वेगात जाणारी गाडी पन्नास फुटांवर उभ्या माणसाला 102 डेसिबलपर्यंत ऐकू येई! 1975 नंतर बनलेल्या गाड्यांसाठी त्याच अंतरावरच्या आवाजाची मर्यादा 78 वर आली. आकड्यात फरक चोवीसचा दिसतो, पण आवाजाची ऊर्जा जवळजवळ अडीचशे पटींनी घटली. हेल्मेटात गाणी ऐकण्याचा विचार तरी करता येतो, तो या कपातीमुळे.

त्याआधीच्या गोंगाटी जमान्यात, 19 एप्रिल 1968 रोजी, मिनेसोटाचा विमा एजंट राल्फ प्लेस्टेड स्नोमोबाइलवरून उत्तर ध्रुवावर पोचला. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून जागा तपासून शिक्कामोर्तब केलं. कानाशी गाणी मात्र नव्हती. सोनीचा वॉकमन यायला अजून अकरा वर्षं होती.

वॉकमन निघालाच आहे तर हेही सांगते: 1 जुलै 1979 ला आलेल्या त्या पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. बटण दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून शेजाऱ्याचं बोलणं ऐकू यायचं. आज सोबत्याशी बोलण्यासाठी हेल्मेटवर लावतात त्या इंटरकॉममध्ये तो बोलू लागला की गाणं आपोआप मागे सरतं. कल्पना तीच, फक्त बटण गेलं. हे फार बरं झालं, कारण जाड हातमोजे घालून बारीक बटण दाबणं हा छळ असतो.

काचेची वायर, गाण्याची पिन

माझी सर्वांत आवडती गंमत ही. थंडीत श्वासाची वाफ हेल्मेटच्या काचेवर गोठते. त्यावर उपाय म्हणून नाकातोंडावर श्वास खाली वळवणारा मुखवटा असतो, दुहेरी काच असते, आणि कडाक्याच्या थंडीसाठी विजेवर तापणारी काच. ही काच गाडीच्या विजेवर चालते. हेल्मेटातून एक वायर लोंबते आणि ती गाडीतल्या सॉकेटमध्ये खोचतात. त्या वायरच्या टोकाला असते चक्क आरसीए पिन! व्हीसीआर आणि डीव्हीडी प्लेअरच्या मागे लाल-पांढरी-पिवळी खोचायचो, तीच जात. मात्र या पिनेतून एकही सूर येत नाही, येते ती फक्त ऊब.

बॅटरी मान टाकते

आयफोन शून्य ते पस्तीस अंशांत वापरावा असं खुद्द कंपनीच सांगते. उणे वीसमध्ये लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तीस टक्के चार्ज दाखवणारा फोनही अचानक बंद पडू शकतो. म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. हेल्मेटच्या बाहेर लटकणाऱ्या इंटरकॉमला ही चैन नाही, त्याला मुक्कामी पोचल्यावर घरात घ्या. पण गारठलेला असताना लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत लिथियमचा थर साचून बॅटरी कायमची खराब होते.

जे ऐकू यायलाच हवं

बर्फाच्या वाटेवर हाताची खुणांची भाषा चालते. वेग देण्याची कळ उजव्या अंगठ्याखाली असल्यामुळे खुणा डाव्या हाताने होतात. अंगठा खांद्यावरून मागे दाखवला तर मागून आणखी गाड्या येताहेत. खांद्याच्या उंचीवर मिटलेली मूठ दिसली तर ही शेवटची गाडी. या खुणा डोळ्यांसाठी आहेत, त्यामुळे गाणं त्यांच्या आड येत नाही.

डोंगरात मात्र कान मोकळे हवेत. हिमस्खलनाच्या धोक्याची एक अगदी थेट सूचना म्हणजे पायाखालून येणारा दबका ‘व्हुम्फ’. वरच्या थराखालचा कच्चा थर बसला की हा आवाज होतो. इंजिन आणि गाणं चालू असताना तो कुणालाच ऐकू येत नाही. त्यात ताजा भुसभुशीत बर्फ छिद्राछिद्रांत आवाज जिरवून टाकतो. म्हणून उतारापासून लांब, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद, गाणं बंद, हेल्मेट काढून थोडं ऐकायचं. यावर मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

आवाजाचा हा प्रश्न फक्त डोंगरातला नाही. फिनलंडच्या सेवेत्तियार्वी भागातल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी स्नोमोबाइल आणली 1962 च्या सुमारास. रेनडिअर तिच्या आवाजाने बिथरायचे. तिकडे दक्षिणेला, गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातर्फे जाणाऱ्या भारतीय मोहिमांचे लोक अंटार्क्टिकात स्नो स्कूटर वापरतात. पांढऱ्या धुक्यात दिशा हरवली की तिथे कानाला गाणं नको, रेडिओ हवा. आणि गुलमर्ग किंवा सोलांगला आपल्याकडची मंडळी ज्या स्नो स्कूटरवर बसतात, तिथे चालवणाऱ्या दादांचं ‘घट्ट धरा’ ऐकू आलं पाहिजे. त्या छोट्या फेरीपुरती गाणी राहू द्यावीत.

शेवटची सूचना हिमस्खलनाच्या भागात जाणाऱ्यांसाठी. बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव लागावा म्हणून अंगावर बाळगायचा शोधयंत्राचा डबा 457 किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात खोडा घालतात. संदेश पाठवत असताना फोन, गरम होणारे हातमोजे, इंटरकॉम त्यापासून किमान वीस सेंटिमीटर लांब ठेवा. गाडलेल्या सोबत्याला शोधायची वेळ आली तर हे अंतर पन्नास सेंटिमीटर. तेव्हा फोन सरळ बंद करा, हेल्मेट बाजूला ठेवा आणि डब्याच्या टिकटिकीवर कान लावा.