तीन पत्ती: हातात जोडी, समोरचा ब्लाइंडवर ब्लाइंड, गणित काय सांगतं?

आसेगाव (जि. वाशीम) : सोयाबीन निघतं, विकलं जातं आणि त्याच दिवसांत दिवाळी येते. मग रात्री तीन पत्तीचा डाव बसतो. प्रत्येक डावात एक जण असतो, जो पत्ते न पाहता रक्कम वाढवत जातो. पोकरमध्ये अशा खेळाडूला ‘लूज-अग्रेसिव्ह’ म्हणतात. तुमच्या हातात चांगले पत्ते आहेत आणि समोर असा गडी आहे, तर काय होतं? समजून घेऊया.

चांगले पत्ते म्हणजे किती चांगले?

५२ पानांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात तयार होतात. त्यांची विभागणी अशी :

• ट्रेल : ५२ (४२५ डावांत सरासरी एकदा)
• प्युअर सिक्वेन्स : ४८
• सिक्वेन्स : ७२०
• कलर : १,०९६
• जोडी : ३,७४४
• यापैकी काहीच नाही : १६,४४०

म्हणजे चारपैकी जवळपास तीन हात रिकामे असतात. तुमच्याकडे नव्व्याची जोडी असेल, तर पत्ते न पाहिलेल्या एका खेळाडूविरुद्ध तुम्ही १०० पैकी साधारण ८४ वेळा जिंकाल.

मग लगेच रक्कम वाढवायची का?

अनुभवी खेळाडू तसं करत नाहीत. समोरचा स्वतःहून पैसे टाकतोय, तर त्याला घाबरवून पॅक का करायला लावायचं? शांतपणे चाल देत राहायची. पोकरमध्ये मात्र असं थांबणं महागात पडू शकतं. तिथे टेबलावर नवे पत्ते उघडतात आणि मागे असलेला पुढे जाऊ शकतो. दोन एक्के हातात असले तरी एका अनोळखी हाताविरुद्ध जिंकण्याची शक्यता सुमारे ८५ टक्केच असते. तीन पत्तीत वाटलेले पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात.

ब्लाइंडवाल्याचा फायदा कुठे?

तो १० रुपये टाकतो, तेव्हा पत्ते पाहिलेल्याला किमान २० टाकावे लागतात. एका फेरीतल्या ३० रुपयांपैकी २० तुमचे. त्यामुळे चाल परवडायची, तर तीनपैकी दोन वेळा तरी जिंकायला हवं. जोडी नसताना साधारण एक्का-गुलामापासून वरचे पत्ते या हिशेबात बसतात.

त्यात प्रचलित नियमानुसार दोघेच उरले आणि समोरचा ब्लाइंड असेल, तर पत्ते पाहिलेल्याला शो मागता येत नाही. चाल द्या नाहीतर पॅक व्हा, एवढेच दोन पर्याय. त्याने १० पासून सुरू करून दर फेरीला रक्कम दुप्पट केली, तर आठ चालींत त्याचे २,५५० जातात आणि तुमचे ५,१००. त्याच्या आधी तुमचा खिसा रिकामा झाला, तर जोडी हातात असूनही पॅक व्हावं लागतं. आणि शेवटपर्यंत टिकलात, तरी सहापैकी साधारण एका वेळी नव्व्याची जोडी हरतेच.

हिशेब कधी बदलतो?

समोरच्याने पत्ते उचलून पाहिले आणि तरीही तो थांबला नाही, त्या क्षणी. आता त्याचा हात ‘कोणताही’ राहिला नाही. रिकामे हात टाकून दिलेले असण्याची शक्यता मोठी. इथे ८४ टक्क्यांचा आकडा विसरायचा. आता शो मागण्याची मुभाही असते, ती वापरणं शहाणपणाचं.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ मानताना तीन पत्ती, म्हणजे ‘फ्लश’, हा निव्वळ नशिबाचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. सार्वजनिक जागी पैसे लावून खेळल्यास त्याच्या कलम १२ (अ) खाली गुन्हा दाखल होतो. मोबाइलवर पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यात असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

थोडक्यात : ८४ टक्के हा आकडा शेकडो डावांचा आहे. सोयाबीनचे पैसे मात्र वर्षातून एकदाच हाती येतात. घरच्यांसोबत बसायचंच असेल, तर पैशांऐवजी चिंचोके लावा. गणित तेच राहतं.